मिरचीची मिरवणूक

माणसाने घरात काय वाढवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणी कुत्रा वाढवतो, कोणी दाढी वाढवतो, कोणी नुसतेच पोट वाढवतो. आमची कशालाही हरकत नाही. गॅलरीत मनीप्लँट चढवून लक्ष्मीची वाट बघणाऱ्यांनाही आम्ही आजवर कधी बोललो नाही. बँकेतल्या माणसाने लोकांच्या आशेवर पाणी फिरवायचे ते कामाच्या वेळात. घरी आल्यावर तरी त्याने शेजाऱ्याच्या वेलाला सुखाने वाढू द्यावे.

पण हल्ली गॅलरीगॅलरीतून मिरचीची जी मिरवणूक निघाली आहे, ती पाहून आता तोंड उघडल्यावाचून राहवत नाही. आणि मिरचीच्या बाबतीत तोंड उघडणे किती धोक्याचे असते, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

पूर्वी मिरचीचे झाड म्हणजे घरातले सगळ्यांत गरीब झाड. तुळशीला वृंदावन मिळायचे, गुलाबाला कुंडी मिळायची, मिरचीला फुटकी बादली. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी तिला, चहाचा चोथा तिला. मुद्दाम असे तिला कोणी लावायचेही नाही. लाल मिरच्यांच्या डब्याच्या तळाशी उरलेले बी कोणीतरी मातीत झटकायचे आणि आठदहा दिवसांनी मातीतून एक हिरवी मान वर यायची. 'या एकदा आमची मिरची बघायला,' असे आमंत्रण कोणी कोणाला देत नसे. पाहुणे पोहे खायला येत आणि मिरची त्यांना पोह्यात भेटे.

आता काळ बदलला. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सद्गृहस्थ आहेत. दहा बियांना दोनशे रुपये मोजून त्यांनी मिरची लावली. त्यातल्या चार उगवल्या, त्याही तीन आठवड्यांनी. तेवढ्या काळात आमच्याकडे साधी मिरची उगवून, चार पाने काढून, कुंडी बदलायची वेळ आली होती. पण त्यांचे झाड फळाला आले तसे ते जिन्यात थांबवून थांबवून लोकांना वर नेऊ लागले. आम्हालाही नेले. सुरकुतलेली, लालभडक, खाली विंचवाच्या नांगीसारखे शेपूट असलेली ती फळे बघून आम्ही शिष्टाचार म्हणून विचारले,

"ही कोणती हो?"

"कॅरोलायना रीपर."

"वा वा. छान आहे."

"सोळा लाख!"

सोळा लाख म्हटल्यावर आमच्या तोंडून सवयीने 'पॅन कार्ड आणलंय का?' असेच निघणार होते. पण हे सोळा लाख रुपयांचे नव्हेत, तिखटाचे. त्यांचे माप स्कोव्हिल.

आता हे स्कोव्हिल काय प्रकरण आहे तेही सांगतो. विल्बर स्कोव्हिल नावाचे एक अमेरिकन औषधतज्ज्ञ होते. मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत त्यांनी १९१२ साली काढली. वाळलेल्या मिरचीचा अर्क काढायचा आणि तो साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा. चाखायला पाच माणसे बसवायची. त्यांच्या जिभेला तिखट लागेनासे होईपर्यंत जितके पट पाणी वाढवावे लागेल, तितका त्या मिरचीचा आकडा. हल्ली पाच माणसांच्या जिभांऐवजी यंत्र वापरतात, पण नाव स्कोव्हिलचेच राहिले. माणसाने आयुष्यभर औषधे करावीत आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला फक्त झोंबण्यासाठी लक्षात ठेवावे, हे त्याचे नशीब.

मग या आकड्याची शर्यत लागली. २००७ साली आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाची गिनेस बुकात नोंद झाली, दहा लाखांच्या वर. २०१३ साली रीपर आली, १५,६९,३००. २०१७ साली तिने स्वतःचाच विक्रम मोडला, १६,४१,१८३. २०२३ साली 'पेपर एक्स' नावाची मिरची आली, २६,९३,०००. मिरचीतला जो तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, तो अगदी शुद्ध घेतला तर त्याचा आकडा १ कोटी ६० लाख. म्हणजे शर्यतीला अजून बराच वाव आहे, आणि तोवर आमच्या तिसऱ्या मजल्याला काही उसंत नाही.

या मिरवणुकीवर आमचे चार आक्षेप आहेत. क्रमाने मांडतो.

पहिला आक्षेप हिशेबाचा, कारण आम्ही कॉमर्सचे. पाकिटावर छापलेला आकडा हा तुमच्या झाडाचा आकडा नव्हे. तो कुठल्यातरी शेतातल्या कुठल्यातरी नमुन्याचा, तोही वाळवलेल्या मिरचीचा. ताज्या मिरचीत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असते. शिवाय मिरचीचा तिखटपणा जातीवर जसा असतो, तसा उन्हावर, पाण्यावर, मातीवरही असतो. एकाच झाडाच्या दोन मिरच्या सारख्या तिखट निघत नाहीत, हे कुठलीही गृहिणी स्कोव्हिलच्या मदतीशिवाय सांगेल. तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत, अर्ध्या दिवसाच्या उन्हात, सोसायटीच्या टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या झाडाखाली उभे राहून 'सोळा लाख' म्हणणे म्हणजे बँकेच्या जाहिरातीतला व्याजदर वाचून 'मला मिळाला' म्हणण्यासारखे आहे. खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' असते. मिरचीच्या पाकिटावर तेवढेही नसते.

दुसरा आक्षेप स्वयंपाकघराचा. घरातल्या मिरचीचे काम काय? वरणाला फोडणी देणे, पोह्यात उतरणे, ठेच्यात ठेचले जाणे, वडापावाशेजारी तळून बसणे. त्या सद्गृहस्थांच्या झाडाला तीस-एक फळे धरली. त्यातले एक त्यांच्या भाच्याने पैज लावून चावले आणि तो पोरगा तासभर नळाखाली तोंड धरून बसला. (त्याचाही उपयोग नव्हता. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. अशा वेळी दूध किंवा दही द्यावे.) दुसरे फळ त्यांच्या घरी फोडणीत पडले. त्या दिवशी चारही मजले एका सुरात खोकले. सेक्रेटरींनी ठसका आवरता आवरता नोटीस लिहिली, म्हणून तिचे अक्षर हललेले आहे. उरलेली फळे वाळून गेली. त्यातली काही दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगली आहेत, आणि हे मात्र मान्य केले पाहिजे की त्या दारावरून जाताना वाईट नजरेचीच काय, चांगल्या नजरेचीही हिंमत होत नाही.

इथे कोणी म्हणेल की मग भूत जोलोकियाचे काय, ती तर आपल्याच देशातली. तर तिच्याविरुद्ध आमचा एक शब्द नाही. आसाम, नागालँडच्या घराघरांत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागालँडच्या नागा मिरच्याला तर २००८ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिकडचे लोक तिच्याशी पैज लावत नाहीत. एवढेसे पात्याएवढे बोट लावून आख्ख्या पातेल्याला वास आणि तिखटपणा आणतात, लोणच्यात मुरवतात. आसामात हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून दोरखंडाला तिचा लेप लावायचाही प्रयोग झाला आहे. २०१० साली तर आपल्या संरक्षण संशोधकांनी तिच्यापासून हातगोळा तयार केल्याची बातमी आली होती. ज्या वस्तूचा हातगोळा होतो तिची भजी करू नयेत, एवढे तारतम्य तिकडच्या माणसाला आहे. ते तिच्या स्वभावाला ओळखून वागतात. तिला तिच्या स्वयंपाकघरातून उचलून आणून आकड्याच्या तख्तावर बसवणारे ते आपण.

आपल्याकडेही हे तारतम्य होते. मिरची ही मूळची आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर १६व्या शतकात ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे, आणि नव्या पाहुणीलाही आपण मिऱ्यावरूनच नाव दिले. मग आपल्या लोकांनी तिच्याशी संसार केला. रंग हवा तर बेडगी, झणझणीत हवे तर लवंगी, कोल्हापूरकडे संकेश्वरी, नागपूरकडे भिवापुरी, काणकोणात खोला. कुठली कशात आणि किती, हे ठरवले. तिखटाचे डबे भरताना तीन प्रकारच्या मिरच्या कुठल्या मापाने मिसळायच्या, हे ज्या बाईला कळते तिने एकही आकडा लिहून ठेवलेला नसतो. चारशे वर्षांत आपण मिरचीचे जे केले ते 'किती जास्त' याचे नव्हे, 'किती बेताचे' याचे शास्त्र आहे. आणि आता हे सोळा लाखवाले आले!

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिखट खाणे ही मर्दुमकी आहे, हे पोरांच्या डोक्यात भरवणे. तिखट ही खरे म्हणजे जिभेची चवच नाही. शरीरात भाजल्याची वर्दी देणारी एक यंत्रणा असते. ४३ अंशांच्या पुढे चटका बसला की ती जागी होते, आणि कॅप्सेसिन लागले तरी तीच जागी होते. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल विभागून मिळाले. म्हणजे मिरची खाल्ल्यावर तोंड पोळले असे वाटते, ते उगीच नाही. शरीर खरोखरच 'आग, आग' म्हणून ओरडत असते. थोडी आग जेवणाला मजा आणते. थंडीतली शेकोटीसुद्धा आगच असते, पण म्हणून कोणी तिच्यात बसत नाही.

२०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन तरुणाची हकीकत आली. स्पर्धेत रीपर खाल्ल्यावर त्याला विजेसारखी डोकेदुखी सुरू झाली आणि तपासात मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या दिसल्या. तो वाचला. २०२३ साली अमेरिकेत असल्याच मिरच्यांची भुकटी लावलेली एक चिप खाण्याचे आव्हान पोरांत पसरले होते. ती चिप खाल्ल्यावर त्याच दिवशी चौदा वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच्या हृदयात जन्मतः दोष होता, असे शवविच्छेदनात पुढे निघाले, आणि मृत्यूच्या कारणात त्या अतितिखटाचाही उल्लेख झाला. ती चिप मग बाजारातून काढून घेतली. हृदयात दोष असलेली मुले कपाळावर तसे लिहून हिंडत नाहीत. आमच्या इमारतीतल्या त्या भाच्याला तास-दोन तासांनी बरे वाटले, म्हणून सगळे हसले. हसायला हरकत नव्हती, पण त्याला ती पैज लावून दिली कोणी, हे कोणी विचारले नाही. मुलांनी तिखट खाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. 'खाऊन दाखव' असे मोठ्यांनी म्हणू नये.

आणि मर्दुमकीच म्हणाल, तर ती कोणाची? नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मैलोगणती लाल मिरच्या वाळत पडतात. दिवसभर खाली बसून त्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची रात्री जी भगभग होते, तिला गिनेस बुकात पान नाही. चैत्र-वैशाखात नाकाला पदर बांधून घराघरात मिरच्या निवडणाऱ्या, भाजणाऱ्या, कांडून आणणाऱ्या बायकांनी 'बघा आम्ही किती लाख सोसले' म्हणून कधी जिन्यात कोणाला थांबवले नाही. त्या हाताला तूप लावतात आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागतात. एक मिरची चावून कॅमेऱ्यासमोर रडणारा तो वीर आणि हजार मिरच्या खुडून न रडणारी ती मजूर, हे आपल्याकडचे मोजमाप आहे.

चौथा आक्षेप शेजारधर्माचा. मिरचीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांवर फळते, पण मधमाश्या अधूनमधून मध्यस्थी करतातच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आहे की वरच्या रीपरमुळे त्यांची ढोबळी मिरची तिखट झाली. तसे होत नाही. तिखट असते ते मिरचीच्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात (बियांत नव्हे, बियांना ते नुसते लागलेले असते), आणि तो गाभा आईच्या झाडाचा. यंदाचे फळ यंदा बिघडत नाही. पण त्या फळातले बी पुढच्या वर्षी लावले, तर मात्र सोयरिकीचा परिणाम दिसू शकतो. म्हणजे आजीच्या डब्यातून चालत आलेली घरची लवंगी एका हौशी शेजाऱ्यापायी दोन वर्षांत परक्या स्वभावाची होऊ शकते. बी धरायचे असेल, तर फूल उमलण्यापूर्वी त्याला मलमलीची छोटी पिशवी बांधावी. किंवा शेजारी बदलावा. पहिला उपाय स्वस्त आहे.

यावर त्या सद्गृहस्थांचे उत्तर तयार आहे. "अहो, हौसेला मोल नसतं! आणि साधी मिरची लावून तुम्ही तरी काय कमावता? भाजीवाली देतेच की कोथिंबिरीबरोबर फुकट."

प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही हिशेबाने उत्तर देतो. साधी मिरची लावून पैसे वाचत नाहीत. कुंडी, माती, शेणखत धरले तर पहिल्या वर्षी हे खाते तोट्यातच बंद होते. पण लावून बघा. बारा इंची कुंडी घ्या, तळाला भोक असलेली. डब्यातलीच वाळकी मिरची फोडा, फक्त भाजलेली नको. रोप बोटभर उंच झाले, महिना-सव्वा महिना झाला, की मोठ्या कुंडीत हलवा. सहा तास तरी ऊन हवे. पाणी माती वरून सुकल्यावरच. खत उत्साहाने घालू नका, नाहीतर झाड सरकारी खात्यासारखे नुसते पसरते आणि फळ काही देत नाही. उन्हाळ्याच्या काहिलीत फुले गळतात, तेव्हा घाबरू नका, दुपारची सावली द्या. फुले आली की फांदी बोटाने हलकेच हलवा. आणि मिरच्या तोडत राहा. तोडल्या की झाड नव्या धरते, झाडावर पिकवत ठेवल्या तर हात आखडता घेते. नीट सांभाळलेले झाड दोन-तीन वर्षेसुद्धा टिकते.

मग एके दिवशी सकाळी बघाल तर पाने आक्रसून, वाटीसारखी वळून बसलेली. शेतकरी याला बोकड्या म्हणतात, चुरडा-मुरडाही म्हणतात. कधी फुलकिडे, कधी कोळी, कधी पांढरी माशी आणि तिच्या मागून येणारा विषाणू. तुम्ही निंबोळी अर्क आणाल, पानांच्या खालून फवाराल, सकाळ-संध्याकाळ झाडापुढे उभे राहाल. एका कुंडीसाठी ही धावपळ. आणि तेव्हा कधीतरी मनात येईल की ज्याची अशी दोन एकर आहेत, औषधाची उधारी डोक्यावर आहे आणि मोंढ्यात भाव काय फुटेल त्याचा पत्ता नाही, त्याने काय करावे? त्यानंतर भाजीच्या गाडीपुढे 'दोन मिरच्या टाक गं वरून' म्हणताना जीभ जरा अडखळते. साध्या मिरचीची कमाई ती ही. सोळा लाखवाल्याला ती मिळत नाही, कारण त्याने मिरची लावलेलीच नसते. त्याने आकडा लावलेला असतो, आणि आकडा लावणाऱ्यांचे पुढे काय होते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आणखी एक. साध्या झाडाला एकदा बहर आला की एका घराला त्या मिरच्या संपत नाहीत. मग त्या वाटीत घालून शेजारी जातात. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. आमच्या मजल्यावर चार मिरच्या गेल्या आणि वाटीतून लिंबाचे लोणचे आले, पुढे कधी सांडगी मिरची आली, एकदा तर खोबऱ्याच्या दोन वड्या आल्या. बँकेच्या कुठल्याही ठेवीवर हा दर मिळत नाही. आम्ही आत बसतो, आम्हाला माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरून रीपरची वाटी खाली येते तेव्हा लोक दार उघडण्याआधी भोकातून बघतात.

तेव्हा मिरची लावा, जरूर लावा. पण ती आपल्या जिभेच्या, आपल्या पोळपाटाच्या आणि आपल्या शेजाऱ्याच्या मापाची लावा. मोठमोठे आकडे मोजण्याचीच हौस असेल तर आमच्या काउंटरमागे येऊन बसा. आम्ही दिवसभर दुसऱ्यांचेच लाख मोजतो, आणि महिनाअखेरीला स्वतःचे पासबुक उघडले की कसलेही बी न पेरता डोळ्यांत पाणी येते.